सावकाश बर्री!

‘काय ओ काकू, या वयात डोंगर कसले चढताय?’ भाजी घेताना, लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. साठी ओलांडून मला एक वर्ष झालं. पूर्वी मी या प्रश्नाला जरा फुशारकीनेच उत्तर द्यायचे. कॉलेजात असताना कळसूबाई चढल्याची गोष्ट ऐकवायचे. गेल्या ऑक्टोबरात कुद्रेमुखला जाऊन आल्यापासून माझं उत्तर बदललंय. आता मी एवढंच म्हणते, ‘सावकाश चढते ओ.’

हा साधा शब्द नव्याने शिकायला मला बेळगावहून रात्रभराचा प्रवास करून चिक्कमगळूर जिल्ह्यात जावं लागलं. आणि शिकवला तो माझ्या विहीणबाईंनी.

व्हॅक्सिन डेपोवरचा गट

टिळकवाडीत राहणाऱ्यांना व्हॅक्सिन डेपोचं मैदान सांगायला नको. तिथे पहाटे फिरणाऱ्या आम्हा दहा-बारा जणांचा गट कधी जमला ते आम्हालाही आठवत नाही. एक निवृत्त मास्तर, एक बँकेतले काका, दोन नर्सबाई, एक तरुण जोडपं, इंजिनियरिंगची एक मुलगी, आणि मी. निम्म्यांच्या घरी मराठी, निम्म्यांच्या घरी कन्नड. गप्पांची सुरुवात एका भाषेत होते आणि मैदानाची फेरी पुरी होईस्तोवर ती दुसऱ्या भाषेत संपते. कोणाला त्याचं काही वाटत नाही.

एका रविवारी मास्तर म्हणाले, ‘सपाटीवर किती दिवस फिरायचं?’ आणि आम्ही येळ्ळूरचा राजहंसगड चढलो. मग देवरवाडीचा वैजनाथ आणि त्याच्या वरचा महिपाळगड झाला. तानाजी मालुसऱ्यांचा मुलगा रायबा जिथे किल्लेदार होता, तो पारगड झाला. सगळे आपल्या अंगणातले डोंगर. सकाळी निघायचं, दुपारी घरी जेवायला यायचं.

कुद्रेमुखचं नाव निघालं तेव्हा घरात बातमी फुटली. धारवाडला दिलेली माझी मुलगी फोनवर म्हणाली, ‘आई, आमच्या अत्तेंना पण घेऊन जा ना. त्यांना कधीपासून तिथे जायचंय.’

खरं सांगायचं तर मला ते फारसं रुचलं नाही. आमच्या दोन घरांत भांडण असं नव्हतं, पण सात वर्षांपूर्वी लग्नाच्या वेळी पत्रिकेवरून जरा कडवटपणा आला होता. त्यांची पत्रिका फक्त कन्नडमधून, आमची फक्त मराठीतून. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी मनाला लावून घेतलं. तेव्हापासून आम्ही दोघी सणावाराला भेटायचो, हळदीकुंकू लावायचो, नातवाचं कौतुक करायचो. पण त्यापलीकडे बोलणं कधी गेलंच नाही. तीन वर्षांपूर्वी व्याही गेले. त्या वेळी मी चार दिवस धारवाडला राहिले, तरीही ते अंतर तसंच राहिलं.

घोड्याचं तोंड

हुबळी, शिमोगा, तीर्थहळ्ळी, शृंगेरी करत आमची टेंपो ट्रॅव्हलर सकाळी कळसला पोचली. हे गावाचं नाव. भद्रा नदीकाठी, कळसेश्वराचं देऊळ असलेलं. ‘ट्रेक सुरू व्हायच्या आधीच कळस गाठला,’ म्हणून बँकेतल्या काकांनी विनोद केला आणि दोन्ही भाषांतली माणसं एकदमच हसली. जवळच होरनाडूला अन्नपूर्णेश्वरीचं दर्शन घेतलं, तिथल्या पंगतीला जेवलो आणि संध्याकाळी संसे गावावरून बाळेगलला आलो. तिथून पुढे मुळ्ळोडीपर्यंतचा रस्ता जीपचाच. त्या सहा किलोमीटरमध्ये हाडं इतकी खिळखिळी होतात की डोंगर चढणं सोपं वाटावं.

कुद्रेमुख म्हणजे घोड्याचं तोंड. एका बाजूने पाहिलं की शिखराचा आकार तसा दिसतो. पूर्वी संसेकडून वाट जायची म्हणून याला संसेपर्वतही म्हणत. उंची सुमारे १,८९० मीटर. आपल्या कळसूबाईची १,६४६ मीटर, म्हणजे हा तिच्याहूनही उंच. आसपासचं सुमारे ६०० चौरस किलोमीटरचं जंगल १९८७ साली राष्ट्रीय उद्यान झालं. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ज्या जागांना जागतिक वारसा म्हटलं, त्यांत हे उद्यानही आहे.

इथल्या डोंगरांचं रूप आपल्या सह्याद्रीहून वेगळं. माथ्यावर आणि उतारांवर नुसतं हिरवं गवत, आणि दोन डोंगरांच्या घडीत मात्र दाट, काळसर, सदाहरित रान. या रानाला शोला म्हणतात. पावसाचं पाणी गवत आणि हे रान दोन्ही मिळून स्पंजासारखं धरून ठेवतात आणि मग वर्षभर झिरपत सोडतात. याच उद्यानातल्या गंगामूळजवळ तुंगा, भद्रा आणि नेत्रावती या तीन नद्या उगम पावतात. नेत्रावती मंगळूरला समुद्राला मिळते. तुंगा आणि भद्रा शिमोग्याजवळ कूडलीला एक होतात आणि तुंगभद्रा होऊन कृष्णेला मिळतात. आपल्या कणकुंबीत उगवणारी मलप्रभाही शेवटी कृष्णेलाच जाते. तेव्हा हे पाणी तसं आपल्या भावकीतलंच.

याच डोंगरात लोखंडाची मोठी खाण होती. १९७० च्या दशकात ती कंपनी उभी राहिली, तिच्यासाठी वसाहत वसली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २००५ च्या अखेरीस खाणकाम थांबलं. आमच्या घरमालकांनी जेवताना हे सगळं सांगितलं. शांतपणे ऐकत असलेल्या विहीणबाई एकदम म्हणाल्या, ‘आमचे यजमान शिमोग्याला नोकरीला होते ना, तेव्हा दर वर्षी म्हणायचे, यंदा कुद्रेमुख दाखवतो. सहा वर्षं म्हणाले. मग बदली झाली.’ एवढंच बोलून त्या ताटातली अक्की रोट्टी तोडायला लागल्या.

मला हे माहीत नव्हतं. सात वर्षांत मी कधी विचारलंही नव्हतं.

मी बोललेलं खोटं

आमच्या मास्तरांचा एक नियम आहे. निघायच्या आधल्या रात्री सगळ्यांना गोल बसवून ते एकेकाला विचारतात : बीपी? शुगर? गुडघे? कंबर? कसली गोळी चालू आहे? लपवायचं नाही, लाजायचं नाही.

माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, ‘काही नाही, ठणठणीत.’

पंधरा दिवसांपूर्वीच डॉक्टरांनी माझा डावा गुडघा तपासून महिनाभर जिने टाळायला सांगितलं होतं. पण परवानगी काढलेली, पैसे भरलेले. आणि मुख्य म्हणजे समोर विहीणबाई बसलेल्या. माझ्याहून चार वर्षांनी लहान, रोज सकाळी तासभर चालणाऱ्या. त्यांच्यासमोर मला थकलेली दिसायचं नव्हतं. वाचकहो, याला दुसरं काही नाव नाही, हा हट्टच.

पहाटे साडेसहाला आम्ही निघालो. चौदा जण आणि दोन वाटाडे. इथे वनखात्याची परवानगी आधी ऑनलाईन काढावी लागते, रोज ठरावीक लोकांनाच सोडतात, वाटाड्याशिवाय जाता येत नाही आणि वर मुक्काम करायला बंदी आहे. जाऊन-येऊन सुमारे वीस किलोमीटर एकाच दिवसात करायचे. मोठ्या वाटाड्याने सुरुवातीलाच बजावलं, ‘एक वाजता जिथे असाल तिथून मागे फिरायचं. शिखर दहा पावलांवर असलं तरी.’

पहिले दोन-तीन तास फार सुंदर गेले. ओढे, गवत, पुन्हा रान, पुन्हा ओढा. पावसाळा नुकताच सरला होता, त्यामुळे जळवा होत्या. आम्ही ‘जळू’ म्हणत होतो, विहीणबाई ‘जिगळी’ म्हणत होत्या आणि वाटाडे ‘इंबळ’ म्हणत होते. नाव काही घ्या, ती पायमोज्यात शिरायची राहत नव्हती. ओढून काढायची नाही, मीठ लावायचं, आपोआप सुटते. चावल्यावर रक्त बराच वेळ वाहतं, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं. घाबरायचं कारण नाही.

वाटेत एकट्या उभ्या असलेल्या झाडापाशी आम्ही थांबलो. त्याचं नावच ओंटीमरा. तिथे न्याहारी उघडली. विहीणबाईंनी धारवाडहून कडक रोट्टी आणि शेंगाचटणी आणली होती. प्रवासाला याच्यासारखं दुसरं काही नाही; चार दिवस टिकते, ना सांडते, ना आंबते. मी तिखटमिठाच्या पुऱ्या आणि दहीबुत्ती नेली होती. ‘बुत्ती’ म्हटल्यावर त्यांनी डबा बघितला आणि हसल्या. त्यांच्याकडे बुत्ती म्हणजे बांधून नेलेली शिदोरी, आपल्याकडे कालवलेला दहीभात. एकच शब्द, पण प्रत्येकीच्या डब्यात निराळा.

त्या झाडाखालून उठतानाच माझ्या गुडघ्यात पहिली कळ आली.

‘साकु, अक्का’

पुढचा चढ उघड्या गवतावरचा. तरुण मंडळी भराभर पुढे गेली. गटाने चालण्यात एक गंमत असते, ती मला त्या दिवशी मागे राहिल्यावर कळली. पुढचे दहा मिनिटं आधी पोचतात, बसतात, पाणी पितात, फोटो काढतात. मागचा धापा टाकत पोचला की ‘आलात? चला मग!’ म्हणून उठतात. म्हणजे ज्याला विसाव्याची सर्वांत जास्त गरज, त्यालाच तो मिळत नाही. अशा वेळी मागचा माणूस एक तर चिडतो, नाहीतर लाजून दम न घेताच चालायला लागतो. मी दुसऱ्या जातीची.

माझ्या मागे विहीणबाई होत्या आणि त्यांच्या मागे गटाची शेपटी म्हणून बँकेतले काका. ‘अक्का, सावकाश बर्री,’ विहीणबाई दर थोड्या वेळाने म्हणत होत्या. मला ते टोचत होतं. मी मुद्दाम पाय उचलून टाकत होते.

साडेअकराच्या सुमारास शिखराचा माथा समोर दिसायला लागला. तासाभराची वाट असेल. मी काठीवर रेलून उभी राहिले. विहीणबाई माझ्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांच्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाल्या, ‘अक्का, गुडघा कधीपासून दुखतंय?’

‘कुठे दुखतोय? जरा दम लागलाय.’

‘दम लागला तर माणूस वर बघतंय. तुम्ही मघापासून खाली बघून चालताय. साकु, अक्का. आता साकु.’

मला राग आला. मग डोळ्यांत पाणी आलं. तोवर मास्तर खाली उतरून आले होते. त्यांच्यासमोर मी गुडघ्याचं आणि डॉक्टरांचं सगळं सांगून टाकलं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘काल रात्री सांगितलं असतंत, तर मी तुम्हाला पुढे घेतलं असतं आणि सगळा गट तुमच्या चालीने चालवला असता. कदाचित वर पोचलाही असतात.’

मी म्हणाले, ‘तुम्ही सगळे जाऊन या. मी इथेच बसते.’

‘डोंगरावर एकट्याने कुणी बसायचं नसतं,’ मास्तर म्हणाले. ‘ढग आला की दहा फुटांवरचं दिसत नाही.’ धाकटा वाटाड्या माझ्यासोबत थांबणार हे ठरलं. काका म्हणाले, शेपटी कायम शेवटच्या माणसाबरोबर, तेव्हा मीही थांबतो. आणि मग विहीणबाईंनी पाठीवरची पिशवी खाली ठेवली.

‘ना इर्तेनि,’ त्या म्हणाल्या.

मी त्यांना परोपरीने सांगितलं. तुम्ही जा, तुमचं शिखर आहे, सहा वर्षं वाट पाहिलीत. त्या जागच्या हलल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, ‘शिखर कुठे जातंय?’

उतार

आम्ही चौघं लगेच खाली निघालो. ही गोष्टही मला वाटाड्यानेच शिकवली. ज्याचा पाय दुखतो त्याने बसून गटाची वाट बघायची नाही. पाय गार पडला की जास्त आखडतो. आधी निघायचं, म्हणजे वरचे मागून येऊन गाठतात आणि कुणालाच अंधार होत नाही. चढताना दम परीक्षा घेतो, उतरताना गुडघे. प्रत्येक पावलाला अंगाचं वजन गुडघ्यावर येतं. म्हणून पावलं लहान टाकायची, टाच आपटायची नाही, काठी आधी खाली टेकवून मग पाय टाकायचा, तीव्र उतारावर आडवं होऊन उतरायचं. विहीणबाईंनी आपली ओढणी माझ्या गुडघ्याला घट्ट बांधली आणि पुढे चालायला लागल्या. मी घसरले तर त्यांच्या अंगावर पडेन, अशा बेताने. ‘सावकाश,’ मी म्हणाले. ‘सावकाश,’ त्या म्हणाल्या. हा शब्द दोन्ही भाषांत एकच आहे, हे आम्हा दोघींच्याही इतकी वर्षं ध्यानात आलं नव्हतं.

माणूस समोरासमोर बसून जे बोलत नाही, ते पुढे-मागे चालताना बोलतो. मी त्यांच्या पाठीकडे बघत म्हणाले, ‘पत्रिका दोन्ही भाषांत छापायला हवी होती. चूक झाली.’

थोडा वेळ त्या नुसत्या चालत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘मला पण तसंच वाटलं होतं, अक्का. आमच्याकडे बायकांना विचारलंच नाही.’

‘आमच्याकडे तरी कुठे विचारलं?’ मी म्हणाले. काका मागून जोरात हसले.

ओंटीमराजवळ बाकीचे धावत येऊन आम्हाला गाठले. बारा वाजून गेल्यावर वर ढगच ढग होता म्हणे. पण इंजिनियरिंगची मुलगी उत्साहाच्या भरात सांगून गेली, ‘पाच मिनिटं ढग फाटला आणि समुद्राची रेघ दिसली, काकू!’ मग तिलाच ते जाणवलं आणि ती गप्प झाली. विहीणबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, ‘चलो आयतु.’ पण नंतर बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. त्यांच्याकडून मी काय घेतलं होतं, ते मला ठाऊक होतं.

गटाने जायचं असेल तर

परत आल्यावर आमच्या गटाने चार नियम पक्के केले. डोंगरावर जाणाऱ्या कुठल्याही मंडळाला, कुटुंबाला ते उपयोगी पडतील.

सर्वांत हळू चालणारा माणूस सर्वांत पुढे. त्याच्या चालीने गट चालला की सगळे एकदम पोचतात आणि विसावाही सगळ्यांना सारखाच मिळतो. थांबल्यावरची पाच मिनिटं शेवटचा माणूस बसल्यापासून मोजायची.

शेपटीला अनुभवी माणूस. त्याच्याकडे शिट्टी, बँडेज, बॅटरी आणि जास्तीचं पाणी. त्याच्या मागे कुणीही राहायचं नाही.

मागे फिरायची वेळ घरून निघतानाच ठरवायची. शिखर समोर दिसायला लागल्यावर माणसाचा निर्णय शहाणा राहत नाही.

आणि दुखणं सांगायचं. आपण लपवलेलं दुखणं शेवटी दुसऱ्याच कुणाला तरी सोसावं लागतं. मला कुद्रेमुखची वाट अर्धवट सोडावी लागली, त्याचं मला विशेष वाईट वाटत नाही. माझ्या खोट्यामुळे दुसऱ्या कुणालातरी ती सोडावी लागली, याचं वाटतं.

सामानाचं म्हणाल तर फार काही लागत नाही. पकड असलेले बूट (नवे कोरे नकोत, पंधरा दिवस वापरलेले हवेत), लांब मोजे, मीठ, काठी, दोन लिटर पाणी, पावसाचा कोट, गूळ-शेंगदाणे, आणि कचरा परत आणायला एक रिकामी पिशवी. प्लॅस्टिक वर न्यायला तिथे बंदी आहे. उन्हाळ्यात वणव्याच्या भीतीने आणि कधी अतिवृष्टीत वाट बंद ठेवतात, तेव्हा आधी चौकशी करून निघावं.

त्यानंतर मी तीन महिने गुडघ्याचे व्यायाम नेमाने केले. आता दर महिन्याच्या एका रविवारी विहीणबाई धारवाडहून पहिली बस पकडून येतात आणि आम्ही येळ्ळूरगड चढतो. सिद्धेश्वराच्या देवळापाशी बसून कधी कडक रोट्टी, कधी पुऱ्या. मधल्या काळात त्यांचं मराठी सुधारलंय आणि माझं कन्नड आहे तसंच आहे. नातू बरोबर असला की ‘आजी’ म्हणून मला हाक मारतो आणि ‘अज्जी’ म्हणून त्यांना. दोघी एकदम वळतो.

यंदाच्या ऑक्टोबरासाठी मास्तरांनी कुद्रेमुखचा बेत पुन्हा आखलाय. त्या रात्री गोल बसल्यावर पहिल्यांदा मीच बोलणार आहे : डावा गुडघा, अमुक गोळी, अमुक व्यायाम. वर पोचेन की नाही, माहीत नाही. पण एवढं ठरलंय की मी मागे फिरले तर या वेळी काका माझ्याबरोबर फिरतील आणि विहीणबाई वर जातील. त्यांना ते मान्य नाही. पण वेळ आहे अजून. मनवेन, सावकाश.